गाडी वळणाआड गेल्यावर पुढे काय होतं, ते आम्हाला सांगा

प्रति,
सर्व पालिकांचे पदाधिकारी, नगरसेवक आणि घनकचरा विभागातले अधिकारी यांस,

विषय: घरोघरी वेगळ्या केलेल्या कचऱ्याचा पुढचा हिशेब मिळण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

माझ्या स्वयंपाकघरात ओट्याखाली दोन डबे आहेत आणि दाराआड एक पिशवी. एका डब्यात ओलं, दुसऱ्यात सुकं, पिशवीत संपलेल्या बॅटऱ्या, गेलेले बल्ब, मुदत संपलेली औषधं. गेली अकरा वर्षं हा नेम चुकलेला नाही. बाटली विसळायची, पुठ्ठ्याची खोकी उलगडून सपाट करायची, ओलसर कागद सुक्यात जाऊ द्यायचा नाही. रोजची दहा मिनिटं जातात, पण त्याचा मला कधी कंटाळा आला नाही. आपण एका मोठ्या कामातला आपला वाटा उचलतोय, असंच वाटत आलं.

वर्षभरापूर्वी एका सकाळी गाडी पुढे निघून गेली आणि सुक्याची पिशवी माझ्या हातातच राहिली. मी मागे धावले. वळणापलीकडे गाडी थांबली होती. गाडीवरचा मदतनीस मागच्या तोंडाशी उभा राहून एकेक डबा ओतत होता. आधी ओला, त्यावर सुका, त्यावर पुन्हा ओला. आत मधोमध ओलं-सुकं वेगळं ठेवणारा जो आडवा पत्रा असायला हवा, तो नव्हता. मग त्याने कळ दाबली, दाबाची फळी खाली आली, आणि शेजारच्या आजींनी नीट घड्या घालून दोरीने बांधून दिलेला वर्तमानपत्रांचा गठ्ठा भाजीच्या सालांच्या पाण्यात बुडताना मी पाहिला.

मला बघून तो ओशाळला. म्हणाला, "ताई, मधला पत्रा कधीचा निघालाय. आणि पुढे तसंही सगळं एकाच ठिकाणी उतरतं." त्याच्या हातात मोजे नव्हते. त्या माणसावर माझा राग नाही, हे आधीच सांगते. गाडी त्याने बनवली नाही, पत्रा त्याने काढला नाही, आणि कचरा कुठे उतरवायचा हेही तो ठरवत नाही.

त्या संध्याकाळी धाकटी मुलगी रिकामा डबा हातात घेऊन आली. "हा विसळायचा ना?" मी हो म्हटलं. तिने विसळला, पालथा घातला. का विसळायचा हे सांगताना मात्र माझी जीभ अडखळली. हे पत्र त्या अडखळण्यातून लिहिते आहे.

माझं मागणं एकच आहे. गाडी वळणाआड गेल्यावर पुढे काय होतं, ते आम्हाला सांगा. अमुक टन सुका कचरा उचलला, त्यातला किती छाटणीच्या, म्हणजे प्रकारांप्रमाणे निवडण्याच्या शेडमध्ये पोहोचला, किती निवडून गठ्ठे बांधले, ते गठ्ठे कोणी घेतले, त्यातला किती माल खरोखर नव्या वस्तूंत गेला आणि किती कचराडेपोवर किंवा कचरा जाळायच्या भट्टीत गेला. चांगलं असेल तर सांगाच. वाईट असेल तरी सांगा, कारण आज जे माहीत नाही त्यापेक्षा ते बरंच असेल.

तुम्ही आकडे देत नाही असं मी म्हणत नाही. वार्षिक अहवालांत, फलकांवर, स्पर्धांच्या अर्जांत आकडे असतातच. पण ते बहुतेक वेळा 'गोळा केलेल्या' कचऱ्याचे असतात, आणि वाचणारा ते 'रिसायकल झालेल्या' कचऱ्याचे समजतो. या दोन शब्दांमधलं अंतर फार मोठं आहे. युरोपीय संघालाही ते कायद्याने बुजवावं लागलं. तिथे पूर्वी सदस्य देशांना रिसायकलिंगची टक्केवारी काढण्याच्या चार वेगवेगळ्या पद्धतींतून हवी ती निवडता येत असे. २०१८ च्या सुधारित कायद्याने ती मोकळीक काढून घेतली. आता छाटणी होऊन, भेसळ बाजूला पडून, माल प्रत्यक्ष पुनर्प्रक्रियेच्या यंत्रात शिरतो तिथलं वजन धरायचं. २०२५ साठी ५५ टक्के, २०३० साठी ६० आणि २०३५ साठी ६५ टक्के ही त्यांची उद्दिष्टं या मोजणीने तपासली जायची आहेत. असं मोजलं की आकडा खाली येणार हे उघड आहे. पण तो आकडा मी माझ्या मुलीला डोळ्यात डोळे घालून सांगू शकेन.

मी एवढी आग्रही का आहे, त्याला कारण आहे. कचरा नजरेआड गेला की तो कुठवर जाऊ शकतो, हे जगाने २०१८ मध्ये पाहिलं. त्याआधीची पंचवीसेक वर्षं कितीतरी श्रीमंत शहरं आपला छाटलेला, अर्धवट छाटलेला प्लास्टिक कचरा जहाजांत भरून चीनला पाठवत होती. १९९२ पासून जगात जेवढा प्लास्टिक कचरा देशाबाहेर गेला, त्यातला सुमारे ४५ टक्के एकट्या चीनने घेतला. त्या शहरांच्या कागदोपत्री तो 'रिसायकल' झालेला होता. २०१७ च्या जुलैत चीनने जागतिक व्यापार संघटनेला कळवलं की २४ प्रकारचा कचरा यापुढे घेणार नाही, आणि जो घेऊ त्यातल्या बहुतेक मालात भेसळ अर्ध्या टक्क्याच्या वर चालणार नाही. अर्धा टक्का म्हणजे शंभर किलोच्या गठ्ठ्यात पाचशे ग्रॅम. एवढा स्वच्छ माल त्या शहरांकडे नव्हताच. गोदामं भरली. काही ठिकाणी लोकांनी निगुतीने वेगळं केलेलं सगळं मुकाट्याने जमिनीत पुरलं गेलं किंवा जाळलं गेलं, आणि उरलेली जहाजं मलेशिया, थायलंड, व्हिएतनाम, इंडोनेशियाकडे वळली.

फिलिपाइन्सची गोष्ट त्याच्या आधीची. २०१३-१४ मध्ये कॅनडाहून तिथे शंभरावर कंटेनर आले. कागदावर 'रिसायकल होणारं प्लास्टिक' होतं. उघडल्यावर घरगुती कचरा निघाला, वापरलेले डायपर निघाले. वर्षानुवर्षं ते बंदरात कुजत पडले. शेवटी २०१९ च्या मे महिन्यात उरलेले ६९ कंटेनर जहाजावर चढवून परत पाठवण्यात आले. त्याच महिन्यात बाझल कराराच्या, म्हणजे घातक कचऱ्याच्या देशोदेशींच्या वाहतुकीवरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, सदस्य देशांनी प्लास्टिक कचऱ्याच्या व्यापारावर नवे नियम मंजूर केले आणि ते १ जानेवारी २०२१ पासून लागू झाले. घाण किंवा मिसळलेलं प्लास्टिक पाठवायचं तर आता घेणाऱ्या देशाची आधी लेखी संमती लागते. त्या कंटेनरांतला कचरा ज्यांनी घरी डब्यात टाकला, त्यांनी तो योग्य डब्यात टाकला की नाही हे कुणाला ठाऊक. पण त्यांच्यापैकी एकाला तरी माहीत होतं का, की तो समुद्रापार जाऊन कुजतोय? कुणी त्यांना सांगितलं असतं तर सहा वर्षं लागली असती का?

जपानमध्ये शिकोकू बेटावर कामिकात्सू नावाचं डोंगरातलं छोटं गाव आहे. वस्ती दीड हजाराच्या आसपास, त्यात म्हातारी माणसं जास्त. २००३ मध्ये या गावाने जाहीर केलं की २०२० पर्यंत भट्टी आणि कचराडेपो दोन्हींची गरज संपवू. तिथे कचऱ्याची गाडी दारोदार फिरत नाही. लोक स्वतः केंद्रावर कचरा आणतात आणि चाळीसहून जास्त प्रकारांत वेगळा करतात. या आकड्याचं जगभर कौतुक होतं. मला भावलं ते वेगळंच. तिथे प्रत्येक खणावर एक पाटी असते. हा माल कुठे जातो, त्याचं पुढे काय बनतं, आणि तो विकून गावाला पैसे मिळतात की तो मार्गी लावायला गावालाच पैसे मोजावे लागतात, तेही त्यावर लिहिलेलं असतं. हातातली बाटली खणात टाकण्याआधी माणसाला तिचं पुढचं सगळं आयुष्य वाचायला मिळतं.

आणि २०२० उजाडलं तेव्हा गाव रिसायकलिंगमध्ये शंभर टक्क्यांवर पोहोचलं नव्हतं, ऐंशीच्या आसपास होतं. त्यांनी ते लपवलं नाही. उरलेले वीस टक्के का उरले तेही मांडलं. डायपर, चामडं आणि रबर एकत्र शिवलेले जोडे, अनेक थर चिकटवून केलेल्या वस्तू, अशा ज्या मुळात सुट्या करता येण्यासारख्या बनवलेल्याच नसतात. त्याच वर्षी त्यांनी नवं केंद्र बांधलं, आणि वरून पाहिलं तर त्या इमारतीचा आकार प्रश्नचिन्हाचा आहे. आपल्याला दीड हजारांच्या गावासारखे चाळीसेक खण करता येणार नाहीत, हे मला कळतं. पण पाटी लिहायला वस्ती किती आहे याने काय फरक पडतो?

त्या सकाळनंतर मी खटपट करून एक छाटणीची शेड पाहून आले. दोन तास पट्ट्याशेजारी उभी राहिले. तो अनुभव तुमच्यापैकी प्रत्येक नगरसेवकाने घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

माल आधी फिरत्या चाळणीतून जातो आणि माती, काचेचे तुकडे खाली गळतात. पुढे चुंबक लोखंड उचलतो. त्यापुढे वेगाने फिरणाऱ्या चुंबकांचा एक रूळ असतो. त्याच्याजवळ आलं की ॲल्युमिनियमचे डबे पट्ट्यावरून उडी मारल्यासारखे पलीकडच्या खणात जाऊन पडतात. कितीतरी वेळ मी तेच बघत होते. ॲल्युमिनियम खनिजापासून नव्याने काढायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्यातली ९५ टक्के जुनं वितळवून वाचते. म्हणजे ते उडी मारणारे डबे ही त्या शेडमधली खरी मिळकत. प्लास्टिक ओळखायला अवरक्त किरणांचा डोळा असतो. तो बाटली कुठल्या जातीच्या प्लास्टिकची आहे हे क्षणात ओळखतो, पण काजळीने रंगवलेलं काळं प्लास्टिक त्याला दिसतच नाही, कारण काजळी ते किरण गिळून टाकते. काळा डबा कितीही विसळून दिला तरी तो बहुधा सगळ्यात शेवटच्या ढिगात, फेकायच्या मालात जातो. मी अकरा वर्षं काळे डबे विसळत होते. हे मला कुणीतरी पहिल्याच वर्षी सांगायला हवं होतं.

पातळ पिशव्या रुळांभोवती गुंडाळतात. त्यासाठी पट्टा थांबवावा लागतो आणि एक माणूस सुरी घेऊन यंत्रात उतरतो. मी होते तेवढ्या वेळात तो दोनदा उतरला. बॅटऱ्यांची भीती तर सगळ्यांनाच. मोबाइलमधली लिथियमची बॅटरी दाबाखाली फुटली की पेट घेते, आणि आजूबाजूला सगळा कागद.

पट्ट्याच्या शेवटी चार बाया उभ्या होत्या. यंत्राच्या हातून सुटलेलं त्या हाताने निवडत होत्या. त्यांतल्या वयाने मोठ्या असलेल्या मावशींना मी विचारलं, आम्ही घरून काय केलं तर तुमचं काम हलकं होईल? मला वाटलं, चांगलं धुवा म्हणतील. त्या म्हणाल्या, "कागद कोरडा द्या. बाकीचं आम्ही बघतो." मग ओल्या कागदाचा एक गोळा उचलून दाखवला. कागदाचे तंतू पाच ते सात वेळा नव्या लगद्यात जाऊ शकतात, प्रत्येक वेळी थोडे आखूड होत होत. त्या गोळ्यातले तंतू पहिल्याच फेरीत वाया गेले होते. दोरीने बांधलेला आजींचा तो गठ्ठा माझ्या डोळ्यांसमोर आला.

म्हणजे सगळ्या साखळीत सगळ्यात महत्त्वाचा ठरला तो गाडीतला मधला पत्रा. आम्ही घरी ओलं-सुकं वेगळं करतो, पुढे शेडमध्ये लाखमोलाची यंत्रं आहेत, आणि या दोहोंच्या मध्ये एक पत्रा नाही म्हणून दोन्हीकडची मेहनत पाण्यात.

तो पत्रा का नाही, याचा मी विचार केला. कंत्राटं कशी लिहिली जातात ते थोडं वाचलं. अनेक ठिकाणी कंत्राटदाराला डेपोवर उतरवलेल्या टनामागे पैसे मिळतात. ओला कचरा जड असतो आणि त्यात भिजलेला सुकाही जड होतो. वेगवेगळं नेलं तर दोन फेऱ्या, आणि एकत्र दाबून नेलं तर एकच फेरी, वर वजन जास्त. तुम्ही पैसे ज्यासाठी देता तेच तुम्हाला मिळतं आहे, यात कंत्राटदाराच्या हेतूचा प्रश्नच येत नाही. कंत्राटात वाहून नेलेल्या वजनाऐवजी वेगळा पोहोचलेला माल मोजा, आणि पत्रा आठवड्याच्या आत बसतो की नाही बघा. भट्ट्यांच्या करारांचंही असंच आहे. पुढची वीस-पंचवीस वर्षं रोज अमुक टन कचरा देऊ, कमी पडला तर भरपाई देऊ, अशी हमी एकदा लिहून दिली की पालिकेला कचरा कमी होणं परवडेनासं होतं. असा करार करण्याआधी त्याचा मसुदा लोकांसमोर ठेवा. पुढची पिढी तो फेडणार आहे.

ओल्या कचऱ्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण रिसायकलिंग म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर बाटल्या येतात आणि सालं-उष्टं मागे पडतं. जागतिक बँकेच्या २०१८ च्या अहवालानुसार जगात २०१६ साली २०१ कोटी टन नागरी घनकचरा तयार झाला आणि त्यातला ४४ टक्के खरकटं आणि झाडपाला या प्रकारचा होता. हा कचरा ढिगाखाली हवेविना कुजला की मिथेन निघतो. वीस वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट तापवतो. डेपो पेटतात आणि दिवसेंदिवस विझत नाहीत, ते याच वायूमुळे. खाली झिरपणारं काळं पाणी विहिरींपर्यंत जातं. आणि ढीग कोसळतात तेव्हा त्याच्या पायथ्याशी नेहमी गरिबांचीच घरं असतात. १० जुलै २००० ला मनिलाजवळच्या पायातासचा ढीग मुसळधार पावसानंतर खचला आणि दोनशेहून जास्त माणसं गाडली गेली. त्यानंतर सहा-सात महिन्यांत फिलिपाइन्समध्ये घनकचऱ्याचा नवा कायदा झाला. २०१७ च्या मार्चमध्ये इथिओपियात अदिस अबाबाचा कोशे डेपो कोसळला, शंभरावर माणसं गेली. पुढच्याच महिन्यात कोलंबोजवळ मीतोतामुल्लाचा ढीग. असले कायदे माणसं गेल्यावरच का व्हावेत?

दक्षिण कोरियाने हे काम आधी हातात घेतलं. १९९५ पासून तिथे घरगुती कचरा ठराविक विकतच्या पिशवीतूनच द्यावा लागतो. जेवढा कचरा, तेवढ्या पिशव्या. २००५ मध्ये अन्नाचा कचरा डेपोवर पुरायला बंदी आली. २०१३ पासून खरकट्याचे पैसे त्याच्या मापाने द्यावे लागतात. कित्येक इमारतींखाली असे डबे आहेत की कार्ड दाखवलं की झाकण उघडतं, आत टाकलेलं तोललं जातं आणि तेवढेच पैसे त्या घराच्या नावावर पडतात. आज तिथला जवळजवळ सगळा अन्नकचरा खत, पशुखाद्य किंवा जैववायूत जातो. ही पद्धत जशीच्या तशी सगळीकडे चालेल असं मी म्हणणार नाही. हातावर पोट असलेल्या घरावर पिशवीचा खर्च टाकणं मला पटतही नाही. पण क्रम बघण्यासारखा आहे. आधी वेगळं घ्यायची सोय केली, मग पुरायला बंदी घातली, आणि त्यानंतर मापाप्रमाणे पैसे लावले. आपल्याकडे पुष्कळदा दंडाची नोटीस आधी येते आणि वेगळी गाडी नंतर, किंवा येतच नाही.

खतप्रकल्प उभारलात तर त्या खताचीही तपासणी जाहीर करा. काचेचे कण आणि प्लास्टिकचे तुकडे असलेलं खत शेतकरी एकदा घेतो, दुसऱ्यांदा घेत नाही.

आणखी एक गोष्ट थोडक्यात. प्लास्टिकच्या डब्यांखाली जो बाणांचा त्रिकोण आणि आत आकडा असतो, तो १९८८ मध्ये प्लास्टिक उद्योगाने प्लास्टिकची जात ओळखण्यासाठी आणला. ती वस्तू रिसायकल होते असं तो सांगत नाही. पण जगभरातली माणसं तसंच समजतात आणि चांगल्या मनाने नको ते सुक्यात टाकतात. तुमच्या शेडमध्ये काय खरंच चालतं आणि काय चालत नाही, याची चित्रांची यादी प्रत्येक घरात द्या. नियम बदलला की यादी बदला आणि का बदलला ते एका ओळीत लिहा. ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातल्या प्लास्टिक कचऱ्यापैकी जेमतेम ९ टक्के रिसायकल होतो. हे आम्हाला कळलं तर आम्ही निराश होऊन वेगळं करणं सोडून देऊ, अशी तुम्हाला भीती वाटत असेल. मला उलट वाटतं. मला ते कळलं तेव्हा मी घरात येणारं प्लास्टिक कमी केलं.

आता ज्यांच्याविषयी लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही, त्यांच्याविषयी. पालिकेची एकही शेड नव्हती तेव्हापासून कचरावेचक हे काम करत आले आहेत. जागतिक बँकेच्या त्याच अहवालात जगभरातल्या कचरावेचकांची संख्या दीड कोटीच्या वर सांगितली आहे. त्यांनी उचललेला किलो न् किलो तुमच्या डेपोचं आयुष्य वाढवतो, तुमच्या वाहतुकीचा खर्च वाचवतो, आणि बदल्यात त्यांना मालाचा पडेल तो भाव मिळतो. नवी यंत्रणा आली की सगळ्यात आधी त्यांनाच फाटकाबाहेर काढलं जातं. कोलंबियाची राजधानी बोगोतामध्ये तेच होऊ घातलं होतं. तिथल्या कचरावेचकांच्या संघटना न्यायालयात गेल्या, आणि कोलंबियाच्या घटनात्मक न्यायालयाने २००३ आणि २०११ च्या निकालांत कचऱ्याच्या निविदांमधून त्यांना वगळता येणार नाही असं बजावलं. २०१३ मध्ये बोगोता शहराने त्यांना गोळा केलेल्या मालाच्या वजनावर, कचरा उचलण्याची सेवा म्हणून, पैसे द्यायला सुरुवात केली. विकलेल्या मालाचे पैसे वेगळे आणि केलेल्या सेवेचे वेगळे. हे न्याय्य आहे. तुमच्या कंत्राटात त्यांची जागा काय आहे, हेही आम्हाला कळू द्या. पट्ट्यापाशी उभ्या असलेल्या त्या मावशींना रजा मिळते का, धनुर्वाताची सुई दिली जाते का, एवढं तरी.

आणि शेवटी जे उरतं, त्याकडे बघा. इटलीत कापान्नोरी नावाचं गाव आहे. १९९० च्या दशकात तिथे भट्टी येणार होती. रोसानो एर्कोलिनी नावाच्या प्राथमिक शिक्षकाने लोकांना जमवून तिला विरोध केला आणि घरोघर वेगळा कचरा घेण्याची व्यवस्था उभी राहिली. २००७ मध्ये 'शून्य कचरा' धोरण स्वीकारणारं ते युरोपातलं पहिलं गाव ठरलं, आणि २०१३ मध्ये एर्कोलिनींना पर्यावरणासाठीचा गोल्डमन पुरस्कार मिळाला. त्यांनी एक फार साधी गोष्ट केली. सगळं वेगळं करून झाल्यावर शेवटच्या पिशवीत काय उरतं, ते ओतून तपासायला केंद्र काढलं. त्यात यंत्रात घालायच्या, एकदाच वापरायच्या कॉफीच्या कुप्या फार सापडल्या. मग त्या बनवणाऱ्या कंपन्यांना पत्र लिहून विचारलं, तुमच्या या वस्तूचं आम्ही काय करायचं? माझ्या मते पालिकेच्या अधिकाराचा याहून चांगला उपयोग नाही. आम्ही घरी कितीही विसळलं तरी कंपनीला जाब विचारण्याएवढा आमचा आवाज मोठा नाही. तुमचा आहे. तुमच्या शेडमधल्या फेकायच्या ढिगात वर्षभर कुठल्या वस्तू सगळ्यात जास्त येतात, त्यांची यादी जाहीर करा आणि बनवणाऱ्यांना विचारा. सुरुवात आपल्याच कार्यालयापासून करा. सभांमधल्या पाण्याच्या छोट्या बाटल्या, प्रत्येक कार्यक्रमाचे प्लास्टिकचे फलक, हे तर आजच्या आज थांबवता येईल.

तर मला हवा आहे तो एक फलक. पालिकेच्या दारात, गाडी जिथून निघते तिथे आणि तुमच्या संकेतस्थळावर. दर तीन महिन्यांनी बदलणारा. किती उचललं, किती वेगळं पोहोचलं, किती विकलं, कुठे गेलं, किती पुरलं, किती जाळलं, किती पैसे आले, किती गेले. ज्या आकड्याची आज नोंदच होत नाही, त्या रकान्यात 'नोंद नाही' असं लिहा. वर्षातून दोनदा शेड लोकांना उघडी ठेवा. शाळेची मुलं येऊ द्यात.

आम्हीही काही देणं लागतो. कागद कोरडा देऊ. बॅटऱ्या वेगळ्या ठेवू. जे तुमच्याकडे चालत नाही ते विकत घेताना दोनदा विचार करू. कचऱ्याचा कर वाढवायची वेळ आली आणि हिशेब समोर असला, तर मी स्वतः सभेत उभी राहून त्याच्या बाजूने बोलेन. आमच्या इमारतीत ज्यांनी वेगळं करणं सोडलंय अशी सहा घरं आहेत. त्यांच्यापैकी एकाही घराला पर्यावरणाशी वैर नाही. त्यांनीही कधीतरी वळणापलीकडे काय होतं ते पाहिलं, एवढंच. त्यांना काय सांगू, ते तुमच्याकडून हवं आहे.

शेजारच्या आजी अजून वर्तमानपत्रं दोरीनेच बांधून देतात. त्यांना मी काही बोललेले नाही. गेल्या सोमवारी गाडी दारात थांबली तेव्हा मी वाकून आत पाहिलं. पत्रा अजून बसवलेला नाही. पत्रा अडकवायच्या खाचा मात्र दोन्ही बाजूंना शाबूत आहेत.

आपली नम्र,
सुक्याची पिशवी घेऊन गाडीमागे धावलेली एक नागरिक